हात सोडून

मुहर्रकच्या गल्लीत एका जुन्या मोतीवाल्याचं घर आहे.
त्याचा दरवाजा मी तासतोय, सप्टेंबरपासून.
सागवान आपल्याच किनाऱ्याचं. रंधा फिरला
की दाभोळच्या वखारीचा वास येतो
आणि नाकात भुसा.

पहिल्याच दिवशी असरच्या नमाजात
शेजारी उभा राहिला बू गानिम,
ऐंशीच्या घरातला, एका डोळ्यात फूल पडलेलं.
त्यानं हात बांधले नाहीत.
दोन्ही बाजूंना सोडून दिले,
वारा पडल्यावर शिडाचे दोर लोंबावेत तसे.
वाटलं, म्हातारा विसरला.
दुसऱ्या दिवशीही विसरला. तिसऱ्याही.
चौथ्या दिवशी त्याचा नातू म्हणाला,
मालिकी आहोत. आम्ही असेच उभे राहतो.

खोलीवर मालेगावचा इश्तियाक. हनफी.
कुर्ली ताटात आली की भिंतीकडे तोंड करून जेवतो.
मी शाफई, नांगी फोडून रस्सा ओरपतो.
असरला माझी सावली एकपट झाली की पुरे,
त्याला दुप्पट लागते.
मधल्या त्या तासाभरात
तो माझ्या चपला सांभाळतो,
मग मी त्याच्या.

हे आलं कुठून, मी विचारलं बू गानिमला,
माझ्या मोडक्या अरबीत, कहवा पिताना.
त्यानं भुशात बोट ठेवलं. मदीना.
तिथे एक गुरू होता. तो म्हणायचा,
या गावाकडे बघा. इथली माणसं
ज्या मापानं धान्य मोजतात ते माप
बापानं मुलाच्या हातात दिलंय, त्याला त्याच्या बापानं.
तेही पुस्तकच.

मग बोट सरकलं. एक रेघ मिसरला,
एक पार मावळतीला, जिथे जमीन संपते,
एक बसऱ्याकडे.
अल-हसाच्या खजुरांच्या सावलीत मदरसे,
आणि तिथून मचव्यातून, पाण्याच्या पखालींसोबत,
इथे.

नेमकं कधी? कोण पहिला उतरला?
ठाऊक नाही, म्हणाला, आणि दात नसलेलं हसला.
म्हणतात, सहा महिने चालून आलेल्या एका माणसाला
गुरूनंही हेच उत्तर दिलं होतं.
बिचारा तेवढंच घेऊन परत गेला.

आमचं कसं आलं, मलाही ठाऊक नाही.
येमेनकडच्या वाऱ्यावर, घोड्यांच्या खिंकाळण्यात,
एखाद्या तांडेलाच्या सवयींतून.
किताब नंतर आली असेल.
आधी आलं असेल हात धुणं,
आधी आली असेल कुर्ली.

उन्हं कलली. आतल्या पडद्याआडून
एक सुरकुतलेला हात आला, मेंदीची नखं,
बू गानिमच्या तळव्यावर खजूर ठेवला.
बोटं लागली. लागलेली राहिली थोडी.
तो उठला आणि तसाच नमाजाला निघाला.
पुन्हा वुजू केलं नाही.

आमच्या घरी अब्बांचं वुजू झालं
की आई चहाचा कप जमिनीवर ठेवायची.
बोट लागलं तर वुजू तुटायचं.
लहानपणी मला वाटायचं, यांचं भांडण आहे.
चाळीस वर्षं दोघांच्या मध्ये
एका बशीएवढी जागा.
ती आई रोज पुसायची.

अब्बा गेले त्या सकाळी
आंघोळ घालून झाल्यावर ती त्यांचा हात धरून बसली.
बायका उठवायला आल्या.
आता काय तुटणार आहे, म्हणाली.

आज दरवाजा बसवला.
वरची बिजागरी कुरकुरते, तेल घालायला हवं.
मगरिबला मी हात बांधले, नेहमीसारखे.
बू गानिमचा सुटा हात
रुकूपर्यंत माझ्या कोपराला लागत होता.